निगेटिव्ह म्हणजे मी

आमच्या लॅबमध्ये मला सगळे ‘शून्य’ म्हणतात. तोंडावरच म्हणतात, त्यामुळे राग धरायचीही सोय नाही.

त्याचं असं झालं. हॉस्पिटलात ज्यांचा ज्यांचा रक्ताशी संबंध येतो, त्या सगळ्यांना बी काविळीची लस घ्यावी लागते. तीन डोस झाले की महिन्याभराने रक्त तपासतात, शरीराने त्या व्हायरसशी लढायची हत्यारं, म्हणजे अँटिबॉडी, घडवली की नाही ते बघायला. सगळ्यांचं शरीर घडवतं. झाडूवाल्या मावशींच्या शरीराने घडवली, दारावरच्या रखवालदाराच्या शरीराने घडवली, माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या चष्मेवालीच्या शरीराने तर एवढी की मशीनला आकडा मोजता येईना. माझ्या शरीराने नाही घडवली. पुन्हा तीन डोस टोचले. पुन्हा शून्य. शंभरात काही थोड्यांचं असं होतं असं पुस्तकात लिहिलंय. ते थोडे लोक कुठे राहतात कोण जाणे, मला आजवर एकही भेटला नाही.

दुसरं कोणी असतं तर मला टेबलावरून उठवून नोंदणीच्या खिडकीत बसवलं असतं. पण आमचे प्रमुख म्हणजे मास्तर. निम्म्या शहराचे टेक्निशियन त्यांनी शिकवलेत, आणि त्यांना कशाचं काय करावं हे नेहमी सुचतं. ते म्हणाले, “छान झालं. आता आपल्याला घरचा निगेटिव्ह मिळाला.”

निगेटिव्ह म्हणजे काय ते सांगते. रक्त तपासायची आमची प्लेट तळहातापेक्षा थोडी मोठी असते, तिला शहाण्णव खळगे. प्रत्येक खळग्यात एकेका माणसाचं सीरम, म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी, थेंबभर घालायचं. नंतर दोन-तीन औषधं. ज्याच्यात अँटिबॉडी आहेत त्याचा खळगा शेवटी पिवळाधमक होतो, ज्याच्यात नाहीत त्याचा पाण्यासारखा राहतो. पण हे सगळं नीट चाललंय हे कळायला एक खळगा असा लागतो, जो कधीच पिवळा होणार नाही याची खात्री आहे. कंपनी तसा एक नमुना, म्हणजे कंट्रोल, किटमध्ये देते. मास्तरांचा त्याच्यावर भरवसा नाही. “कारखान्यातून आलेला माणूस कोण, कुठला, आपल्याला माहीत आहे का?” असं ते विचारतात. म्हणून दर तीन महिन्यांनी ते माझं रक्त काढायचे, त्यातलं सीरम छोट्या नळ्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि वर महिन्याचं लेबल लावायचे. प्रत्येक प्लेटवर पहिला खळगा कंपनीचा आणि दुसरा माझा. सहा वर्षं मी त्या दुसऱ्या खळग्यात पाण्यासारखी स्वच्छ बसले होते. खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा माजही आला होता. सगळ्या हॉस्पिटलचं रक्त माझ्याशी ताडून बघितलं जायचं.

त्या मंगळवारी नव्या नर्सेसची प्लेट लावली होती. शेवटचं औषध पडलं, खळगे निळ्याचे पिवळे झाले, आणि मी सवयीने दुसऱ्या खळग्याकडे बघितलं. पिवळा. थोडाथोडका नाही, शेजारच्या मुलींइतकाच पिवळा.

मला आधी काही कळेचना. मी प्लेट उलटसुलट करून पाहिली. खिडकीपाशी नेली. चष्मेवालीला दाखवली. ती म्हणाली, “कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात, तसं झालंय का तुला?” मग तिने स्वतः बघितलं आणि प्लेट माझ्या हातात परत दिली.

“तू वेंधळ्यासारखं कोणाचं तरी सीरम माझ्या खळग्यात घातलंस,” मी म्हणाले.

“पिपेट तुझ्या हातात होतं बाई.”

ते खरं होतं, त्यामुळे मला आणखीच राग आला. मग आम्ही प्लेट धुणाऱ्या मशीनला धरलं. त्याच्या सुया काढल्या, तारेने साफ केल्या. पाणी बदललं. नवं किट फोडलं. मास्तर लांबून बघत होते. ते एवढंच म्हणाले, “नाचता येईना, अंगण वाकडं.”

बुधवारी पुन्हा लावली. कंपनीचा खळगा स्वच्छ, माझा पिवळा. आता मशीनवर ढकलायची सोय उरली नाही. मशीन बिघडलं असतं तर दोन्ही पिवळे झाले असते. मग दोष त्या नळीचाच. गेल्याच आठवड्यात, ऑक्टोबरचा नमुना म्हणून रक्त काढलं होतं, आणि त्या नळीवरचं लेबल चष्मेवालीच्या अक्षरात होतं. मी तिला म्हणाले, तू लेबलांची अदलाबदल केलीस. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्याशी दिवसभर बोलली नाही. डबासुद्धा तिने एकटीनेच खाल्ला. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मास्तरांनी मला खुर्चीत बसवलं, स्वतः माझ्या दंडाला पट्टा बांधला, स्वतः रक्त काढलं, माझ्यासमोर नळीवर लेबल लावलं आणि नळी हातातून खाली ठेवली नाही. दुपारी प्लेट मशीनमधून बाहेर आली. दुसरा खळगा पिवळा.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” मास्तर म्हणाले. “तीन दिवस सगळ्यांना तपासलं. कंट्रोलला तपासायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. कारण कंट्रोल म्हणजे वस्तू असते असं आपण धरून चाललो. आपली कंट्रोल तर रोज घरी जाते, येते, जेवते.”

मी म्हणाले, “म्हणजे मला आता अँटिबॉडी आल्या? अशाच? शेवटची लस घेऊन सहा वर्षं झाली.”

“अशाच येत नाहीत,” ते म्हणाले.

ते उठून फ्रीजरकडे गेले आणि लाकडी खोका घेऊन आले. त्यात माझं वर्ष होतं. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. प्रत्येक वेळच्या नळ्यांतली एक तरी मास्तर जपून ठेवतात, त्यांची ती खोडच आहे. चारही नळ्या त्यांनी माझ्यासमोर ओळीने ठेवल्या आणि म्हणाले, “तूच लाव. तिन्ही तपासण्या लाव.”

पहिली तपासणी अँटिबॉडीची. दुसरी खुद्द व्हायरसची, म्हणजे त्याच्या कवचाची: रक्तात तो आत्ता आहे का ते सांगणारी. आणि तिसरी गाभ्याची. लशीत व्हायरसचं नुसतं कवच असतं, गाभा नसतो. म्हणून गाभ्याशी लढणारं हत्यार ज्याच्या रक्तात सापडतं, त्याच्याकडे लस नाही, खरा व्हायरस येऊन गेलेला असतो. मी हे दर वर्षी नव्या मुलींना फळ्यावर शिकवते. त्या दिवशी माझ्या पिपेटचा थेंब दोनदा कडेला लागला.

जानेवारी: तिन्ही स्वच्छ. एप्रिल: अँटिबॉडी नाही, पण व्हायरस आहे. जुलै: अँटिबॉडी अजून नाही, व्हायरस थोडासा. ऑक्टोबर: व्हायरस नाही, अँटिबॉडी भरपूर. आणि गाभ्याचा खळगा एप्रिलपासून पिवळा.

चष्मेवाली माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिचा अबोला तेवढ्यात संपला. “अगं,” ती म्हणाली, “एप्रिलची नळी आपण तीन महिने निगेटिव्ह म्हणून वापरली. तिच्यात तर व्हायरस भरलेला होता.”

वापरली खरी. अँटिबॉडीच्या प्लेटवर ती शहाण्यासारखी स्वच्छ दिसत होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. चष्मेवालीने आपले हात उलटसुलट करून पाहिले, पण तिला कसली भीती, तिचा आकडा मशीनला मोजता येत नाही.

मास्तरांनी विचारलं, “कधी?”

मला लगेच आठवलं. आठवलं नसतं तर बरं झालं असतं. फेब्रुवारीत रक्त फिरवायच्या मशीनमध्ये एक काचेची नळी फुटली होती. तुकडे काढताना हातमोजा फाटला आणि अंगठ्यापाशी एक रेघ उमटली. रेघच, रक्त दोन थेंब. मी नळाखाली हात धरला, नवा मोजा घातला आणि कामाला लागले. जखमांचं रजिस्टर समोर भिंतीला टांगलेलं होतं. त्यात लिहिलं असतं तर त्याच दिवशी मला दुसऱ्यांच्या तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन मिळालं असतं, आणि ज्याला लस लागू पडलेली नाही त्याच्यासाठी नियम आहे, सहा महिने नोंदणीच्या खिडकीत. मला खिडकी नको होती. त्या फुटलेल्या नळीतलं रक्त कोणाचं होतं हेही मी बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर लिहावं लागलं असतं.

हे सगळं मी मास्तरांना सांगितलं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, “मे महिन्यात तुला काही झालं होतं?”

मे महिन्यात मी आळशी झाले होते. निदान मला तसंच वाटलं होतं. घरी आल्यावर चप्पल न काढता पलंगावर पडायची, जेवण नको वाटायचं, आई काही बोलली की तिच्या अंगावर धावून जायची. आई म्हणाली होती, तुझ्या अंगात आळस भरलाय. मी म्हणाले होते, अंग माझं आहे. सांधे दुखायचे ते वयाने, असं मी धरून चालले. डोळे पिवळे झाले नाहीत. माझ्याच पोटात दोन महिने लढाई चालली होती आणि मी, जी रोज दुसऱ्यांच्या लढाया मोजते, तिला पत्ता नव्हता.

“सहा वेळा लस दिली तेव्हा या शरीराने ढिम्म काही केलं नाही,” मी म्हणाले. “आणि खरा आला तेव्हा कोणी न सांगता कसं काय शिकलं?”

“माहीत नाही,” मास्तर म्हणाले. “मी हे चाळीस वर्षं करतोय आणि मला माहीत नाही. पण तू बरी झालीस. बऱ्याच जणांच्या रक्तात तो कायमचा राहतो. तुझ्यातून गेला.” मग त्यांनी विचारलं, “घरी कोण असतं तुझ्याबरोबर?”

घरी आई. मी आणि आई, एवढंच घर. आईला साखरेचा त्रास आहे, आणि रोज सकाळी तिच्या बोटाला टोचून साखर बघावी लागते.

मी खुर्चीवर बसले.

आईला टोचण्याची भीती वाटते. सत्तरीची बाई, घरात साप निघाला तर काठी घेऊन उभी राहील, पण टोचायचं पेन दिसलं की हात पदराखाली. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी एक युक्ती काढली. “हे बघ, आधी मी,” असं म्हणून पहिल्यांदा माझ्या बोटाला टोचायचं, थेंब दाखवायचा, हसायचं, मग तिच्या. पेन तेच. सुई बदलायची असते हे मला कोणी सांगायला नको, मी ते इतरांना सांगते. पण सकाळी घाई असायची, घरचंच तर आहे, असं म्हणून एक सुई आठवडाभर चालायची. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. म्हणजे व्हायरस माझ्या रक्तात होता तेव्हाही, मार्चपासून ऑगस्टपर्यंत, रोज सकाळी, आधी मी आणि मग आई.

मास्तरांना हे सांगताना मी त्यांच्याकडे बघितलं नाही. चष्मेवाली पाणी घेऊन आली.

काविळीने आमच्या घरातला एक माणूस आधीच नेला होता. मी चार वर्षांची असताना बाबा काविळीने गेले. कोणत्या काविळीने ते तेव्हा कोणी तपासलं नाही. मला त्या काळात मावशीकडे पाठवलं होतं, त्यामुळे बाबांचं पिवळं तोंड मी पाहिलेलं नाही; मला आठवतो तो मावशीचा जिना. आईने तीन महिने त्यांचं सगळं केलं. शेवटी रक्ताच्या उलट्या होत होत्या, त्याही तिनेच उपसल्या. आणि तिला काही झालं नाही. दहाव्या दिवशी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, “जिने मनापासून सेवा केली असती, तिच्या अंगाला झळ तरी लागली असती. ही बघा, कशी टुणटुणीत.” हे मला मावशीने सांगितलं, मी मोठी झाल्यावर. आईने कधीच नाही.

शुक्रवारी सकाळी मी रक्त काढायचं सगळं सामान घरी घेऊन गेले. आई स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून कोथिंबीर निवडत होती. माझ्या हातातली सुई पाहून ती म्हणाली, “ही केवढी? बोटातून घेतेस ना रोज, मग हे काय नवीन?”

“लॅबमध्ये सगळ्यांच्या घरच्यांची तपासणी आहे.”

“तुझ्या तोंडावरून दिसतंय,” आई म्हणाली. “खोटं बोलताना तू लहानपणापासून नाक खाजवतेस.”

मी नाकावरचा हात काढला. मग सांगितलं. सगळं नाही, पण मला व्हायरस आला होता आणि पेनमधून तो तुला गेला असेल, एवढं सांगितलं. आई कोथिंबिरीच्या काड्या एका बाजूला करत राहिली. तिने विचारलं, “तू बरी आहेस ना आता?”

“मी बरी आहे. प्रश्न तुझा आहे.”

“तू बरी आहेस तर मग झालं.”

मला इतकी चीड आली की सांगता येत नाही. मी तिला म्हणाले, तुला कळत नाही का, तुझ्या वयाला, तुझ्या साखरेला हे झेपणार नाही, आणि ते मी केलंय. आई म्हणाली, “ओरडू नकोस. घे रक्त. पण आधी तू.”

मी तिच्यासमोर एक वेगळी कोरी सुई फोडली आणि माझ्या बोटाला टोचली. थेंब दाखवला. हसायचं जमलं नाही. ती सुई डब्यात टाकली, दुसरी कोरी फोडली, आईच्या दंडाला पट्टा बांधला. तिची शीर सापडायला दोन मिनिटं गेली. अशी नाजूक शीर दुसऱ्या कोणाची असती तर मी एका झटक्यात शोधली असती.

प्लेट मास्तरांनीच लावली. मला हात लावू दिला नाही, आणि मीही मागितला नाही. तीन खळगे. पहिला व्हायरसचा. तो स्वच्छ राहिला, पाण्यासारखा, आणि मी इतक्या जोरात श्वास सोडला की चष्मेवालीने माझा हात धरला. दुसरा अँटिबॉडीचा. तो निळा झाला, मग पिवळा. तिसरा गाभ्याचा. तोही पिवळा.

मी पुन्हा खाली बसले. म्हणजे गेला होता. माझ्यातून तिच्यात गेला होता, आणि सत्तर वर्षांच्या बाईने मे-जूनमध्ये माझे टोमणे ऐकत, माझ्यासाठी चहा करत ती लढाई लढून संपवली होती, आणि मी तिला आळशी म्हटलं नव्हतं एवढंच माझं नशीब. मला रडू यायला लागलं.

“थांब,” मास्तर म्हणाले. “एवढ्यात रडू नकोस. गोंधळ आहे.”

“कसला गोंधळ? दिसतंय की.”

“गाभ्याची हत्यारं दोन प्रकारची असतात. तूच शिकवतेस ना? ताज्या लढाईची वेगळी आणि जुनी मुरलेली वेगळी. या प्लेटने दोन्ही मिळून दाखवली. ताजी आहेत का ते बघायला वेगळी प्लेट लागेल. सोमवारी लावू.”

ते दोन दिवस कसे गेले ते मला विचारू नका. मी सुया फेकल्या, पेन फेकलं, दोन नवी पेनं आणली, एक लाल एक निळं, आणि त्यांच्यावर नावं चिकटवली. आईच्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागाकडे मी इतक्यांदा बघितलं की ती म्हणाली, “काय गं, माझ्या डोळ्यात काय गेलंय?”

सोमवारी प्लेटवर आम्ही दोघी शेजारी शेजारी होतो. वरच्या खळग्यात माझी जुलैची नळी, खाली आई. ताज्या लढाईची तपासणी. माझा खळगा पिवळा झाला. आईचा झाला नाही. दहा मिनिटं थांबलो, वीस मिनिटं थांबलो, तरी झाला नाही.

“हे तुझं नाही,” मास्तर म्हणाले. “तुझ्याकडून गेलेलं असतं तर इथे खूण राहिली असती. हे खूप जुनं आहे. तू रोज सकाळी तिच्या बोटात व्हायरस घालत होतीस आणि तिचं शरीर तो आला की ओळखत होतं. ओळख जुनी होती.”

“किती जुनी?”

“रक्तावर तारीख नसते. पाच वर्षं असेल, पन्नास असेल.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “घरात पूर्वी कोणाला कावीळ झाली होती का?”

मला आठवतंय, मी प्लेटकडे बघत होते आणि आईच्या स्वच्छ खळग्यापलीकडे मला आत्याचं तोंड दिसत होतं, जे मी त्या दहाव्या दिवशी पाहिलंसुद्धा नव्हतं.

घरी आले तेव्हा आई पलंगावर बसून माझ्या निळ्या कुडत्याचं बटण लावत होती. मी तिच्याशेजारी बसले. कसं सांगावं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरले.

“तुला माझ्याकडून काही झालं नाही,” मी म्हणाले.

“मी तेच सांगत होते.”

“पण तुला झालं होतं. आधी. खूप वर्षांपूर्वी. तीच कावीळ, जी बाबांना झाली असणार.”

आईची सुई थांबली. “मला नाही झाली कधी कावीळ. मला काहीच झालं नाही. सगळ्यांना माहीत आहे.”

“झाली होती आई. डोळे पिवळे झाले नसतील. अंग मोडलं असेल, थकवा आला असेल, तुला वाटलं असेल जागरणाचा आहे. पण व्हायरस तुझ्या रक्तात आला होता आणि तू त्याला घालवलंस. रक्तात लिहिलेलं आहे. आज मी पाहिलं.”

तिने दोरा दाताने तोडला, पण बटण अजून अर्धंच लागलं होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही.

“मी हात फार धुवायचे,” ती म्हणाली. “त्यांचं करून बाहेर आले की मोरीत उभी राहून कोपरापर्यंत धुवायचे. तू लहान होतीस, मला काही झालं असतं तर तुला कोण होतं? मग तुझी आत्या तसं बोलली. मी गप्प बसले. मला वाटलं, खरंच आहे. मी हात धुऊन वाचले. मनापासून केलं असतं तर हात धुवायचे राहिले असते. चौतीस वर्षं मला तसंच वाटतंय.”

“तू हात धुऊन वाचली नाहीस आई. तुलाही लागलं होतं.”

“म्हणजे मीही आजारी होते?”

“हो.”

“त्यांच्याबरोबरच?”

“त्यांच्याबरोबरच असणार.”

आईने कुडता मांडीवर ठेवला आणि ती रडली. आवाज न करता, पदर तोंडाला न लावता, बसल्या जागी. बाबा गेले तेव्हा ती कशी रडली होती मला माहीत नाही, मी मावशीकडे होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला एवढंच कळत होतं की मी केलेल्या एवढ्या मोठ्या चुकीतून हे निघालं, आणि मला लाज वाटावी की बरं वाटावं ते ठरेना. अजून ठरलेलं नाही.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “ते कागदावर देतात का लिहून?”

“देतात.”

“मग आण. मोठ्या अक्षरात आण, तुझ्या आत्याला आता नीट दिसत नाही.”

मंगळवारी मी रजिस्टर भिंतीवरून काढलं आणि फेब्रुवारीची नोंद माझ्या अक्षरात केली, त्या मंगळवारच्या तारखेने, सहीसकट. मास्तरांनी ती वाचली आणि मला सहा महिने नोंदणीच्या खिडकीत बसवलं. प्लेटवर दुसरा खळगाही आता कंपनीचाच असतो, कारण घरचा निगेटिव्ह उरला नाही. चष्मेवाली मला अजून शून्यच म्हणते.

त्याच सकाळची गोष्ट सांगायची राहिली. मी लाल आणि निळं पेन ताटलीत ठेवलं, दोन्हींत नव्या सुया घातल्या आणि सवयीने माझं उचललं. आईने माझा हात बाजूला केला. पदराखालून स्वतःचा हात काढला, बोट सरळ धरलं आणि म्हणाली, “आज आधी मी.”

तिची साखर थोडी जास्तच आली.